दोन व्हीलॅनमधला रस्ता कुठे तुटतो

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या कानावर वारंवार पडणारी एक तक्रार आहे : "ऑफिसच्या मशीनवरून लॅबचा सर्व्हर पिंग होत नाही. दोन्हीकडे आयपी बरोबर आहे, केबल बरोबर आहे, स्विचवर दिवे लागलेत." त्यावरचा निष्कर्षही ठरलेला असतो : राउटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. मग राउटर उघडला जातो, त्याच कमांड पुन्हा टाकल्या जातात, पोर्ट बंद-चालू केले जातात आणि शेवटी राउटरच रीस्टार्ट होतो. माझे म्हणणे असे आहे की व्हीलॅनमधल्या राउटिंगचे म्हणून जे बिघाड शोधले जातात, त्यांतले फार थोडे खरोखर राउटिंगचे असतात. पॅकेट राउटिंग टेबलापर्यंत पोचायच्या आतच कुठेतरी अडलेले असते, नाहीतर पलीकडे व्यवस्थित पोचून परतीच्या वाटेवर हरवलेले असते. कोणत्या टप्प्यावर काय घडले याची नोंद प्रत्येक उपकरण स्वतःच ठेवत असते. ती नोंद वाचण्याआधी कॉन्फिग बदलायला घेणे हीच या कामातली सगळ्यात महाग सवय आहे.

व्हीलॅनची गरज कशातून निर्माण झाली हे आधी पाहू. ऐंशीच्या दशकात इथरनेटची जाळी ब्रिज लावून मोठी करत न्यायची पद्धत रूढ झाली. वर्तुळाकार मार्ग तयार होऊ नयेत म्हणून रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीची रीत दिली. तिच्यात जादा दुवे बंद ठेवावे लागतात, म्हणजे टाकलेल्या तारा वापराविना पडून राहतात. बेलकोरमधल्या डेव्हिड सिंकॉस्की आणि चेस कॉटन यांनी १९८८ मध्ये असा विचार मांडला की अशी एकापेक्षा जास्त झाडे एकाच जाळ्यावर चालवता येतील आणि कोणती फ्रेम कोणत्या झाडाची हे फ्रेमवरच्या खुणेवरून ओळखता येईल. पुढे सिस्कोने आयएसएल नावाची स्वतःची खूण आणली. ती मूळ फ्रेमला बाहेरून गुंडाळून ३० बाइट वाढवत असे. सर्वांसाठी खुले मानक आले ते १९९८ मध्ये, आयईईईचे ८०२.१ क्यू. यातला टॅग फक्त ४ बाइटचा असतो आणि तो फ्रेमच्या आत, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर बसतो. पहिल्या दोन बाइटमध्ये हेक्साडेसिमल ८१०० हा ओळखीचा आकडा, मग ३ बिट प्राधान्याचे, १ बिट वेगळ्या कामाचा आणि उरलेले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक. बारा बिटांत ४०९६ आकडे मावतात. त्यांतला ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरता येणारे व्हीलॅन ४०९४.

या मानकाने एका स्विचचे अनेक स्विच करून दिले, पण त्यांना जोडणारा रस्ता दिला नाही. तो द्यायचाच नव्हता. व्हीलॅन १० मधली फ्रेम व्हीलॅन २० मध्ये आपोआप जाऊ लागली तर दोन व्हीलॅन करण्याला अर्थच राहत नाही. रस्ता तिसऱ्या स्तरावर, आयपीच्या पातळीवर बांधावा लागतो आणि तो बांधण्याच्या रीती काळाबरोबर बदलत गेल्या. सुरुवातीला प्रत्येक व्हीलॅनसाठी राउटरचा एक वेगळा पोर्ट आणि वेगळी केबल वापरत. व्हीलॅन चार-पाच झाले की राउटरचे पोर्ट संपत. मग एकाच केबलवर ट्रंक चालवून राउटरच्या एका पोर्टाचे अनेक सबइंटरफेस करायची पद्धत आली. हिला नेटवर्कवाले 'राउटर ऑन अ स्टिक' म्हणतात. त्यानंतर स्विचच्याच आत राउटिंग करणारे लेयर-थ्री स्विच आले आणि मोठ्या जाळ्यांत तीच पद्धत स्थिरावली. आता बऱ्याच ठिकाणी सगळ्या व्हीलॅनचा गेटवे फायरवॉलवर असतो, कारण दोन विभागांमध्ये काय जाते-येते हे तपासून मगच सोडायचे असते. तरीही स्विच आणि एका केबलने जोडलेला राउटर ही जोडी छोट्या ऑफिसांत, शाळा-कॉलेजांत आणि नेटवर्किंगच्या प्रशिक्षणवर्गांत टिकून आहे. बिघाड समजून घ्यायला तीच सगळ्यात चांगली, कारण तिच्यात प्रत्येक टप्पा उघडा दिसतो.

समजा, एका कॉलेजात ऑफिसचा व्हीलॅन १० आहे आणि लॅबचा २०. ऑफिसातले मशीन १९२.१६८.१०.२५, लॅबमधला सर्व्हर १९२.१६८.२०.४०, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे अनुक्रमे १०.१ आणि २०.१ वर संपणारे, म्हणजे एकाच राउटरचे दोन सबइंटरफेस. ऑफिसातून पिंग सुटते तेव्हा मशीन आधी मास्क लावून पाहते की पत्ता आपल्या सबनेटमधला आहे का. नाही म्हटल्यावर ते गेटवेचा मॅक पत्ता एआरपीने विचारते आणि पॅकेट त्या मॅकवर पाठवते. स्विचच्या ॲक्सेस पोर्टवर फ्रेम विनाटॅग येते, पोर्ट ज्या व्हीलॅनचा आहे त्यात ती मोजली जाते आणि ट्रंकवरून बाहेर पडताना तिला १० चा टॅग लागतो. राउटर टॅग पाहून फ्रेम योग्य सबइंटरफेसला देतो, टॅग काढतो, राउटिंग टेबल पाहतो, सर्व्हरचा मॅक एआरपीने मिळवतो आणि २० चा टॅग लावून त्याच केबलवरून फ्रेम परत स्विचकडे धाडतो. स्विच आपल्या मॅक टेबलात पाहून ती सर्व्हरच्या पोर्टवर विनाटॅग सोडतो. सर्व्हरचे उत्तर हा सगळा प्रवास उलटा करते. एवढ्या सगळ्यात राउटिंग टेबल जाताना एकदा आणि येताना एकदा उघडले जाते. बाकीचे सगळे निर्णय दुसऱ्या स्तरावरचे किंवा मशीनचे स्वतःचे आहेत. दोष तिकडे जास्त सापडतात याचे कारण एवढे साधे आहे.

पहिली वाट अडते ती राउटरकडच्या पोर्टवर. सिस्कोच्या स्विचमध्ये पोर्टने ट्रंक व्हायचे की नाही हे समोरच्याशी बोलून ठरवायची सोय असते, तिला डीटीपी म्हणतात. कॅटलिस्ट २९६० सारख्या स्विचवर पोर्ट मुळात 'डायनॅमिक ऑटो' असतो, म्हणजे समोरच्याने विचारले तर ट्रंक होईन, आपण होऊन विचारणार नाही. राउटर डीटीपी बोलतच नाही. परिणामी स्विचचा पोर्ट निमूटपणे ॲक्सेस होऊन व्हीलॅन १ मध्ये राहतो, दिवा हिरवा, लिंक अप आणि टॅग एकही जात नाही. हा पोर्ट हाताने ट्रंक करावाच लागतो. कॅटलिस्ट ३५६० सारख्या काही स्विचना आयएसएल आणि ८०२.१ क्यू दोन्ही येतात, म्हणून तिथे आधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू' द्यावे लागते, त्याशिवाय ट्रंकची कमांड नाकारली जाते. २९६० ला आयएसएल येतच नाही, त्यामुळे तीच कमांड तिथे चुकीची ठरते. एका स्विचवरचे कॉन्फिग दुसऱ्यावर चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चिकटवताना आलेला नकार वर सरकून नजरेआड जातो आणि पोर्ट ॲक्सेसच राहतो.

ट्रंक उभा राहिल्यावरही प्रत्येक व्हीलॅन त्यावरून जातोच असे नाही. 'शो इंटरफेसेस ट्रंक' ही कमांड या विषयातली सगळ्यात मोलाची, आणि ती पूर्ण वाचली जात नाही याचे वाईट वाटते. तिच्या उत्तरात चार भाग येतात. पहिल्यात पोर्ट ट्रंक आहे का, कोणत्या पद्धतीचा आणि त्याचा नेटिव्ह व्हीलॅन कोणता. दुसऱ्यात कोणते व्हीलॅन सोडायची परवानगी आहे. तिसऱ्यात परवानगी असलेल्यांपैकी कोणते या स्विचवर खरोखर अस्तित्वात आणि चालू आहेत. चौथ्यात त्यांपैकी कोणते स्पॅनिंग ट्रीने मोकळे ठेवले आहेत. एखादा व्हीलॅन दुसऱ्या भागात दिसतो आणि तिसऱ्यात गळतो, तेव्हा तो स्विचवर तयारच केलेला नाही किंवा बंद ठेवलेला आहे हे नक्की. तिसऱ्यात दिसून चौथ्यात नसेल तर स्पॅनिंग ट्री किंवा प्रूनिंग पाहायचे. दुसऱ्यातच नसेल तर कोणीतरी यादी बदललेली आहे. शेवटच्या प्रकारामागे बहुतेक वेळा एकच शब्द राहिलेला असतो. आधीची यादी १० आणि २० ची असताना ३० वाढवायचा म्हणून 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' लिहिले, तर ३० यादीत जोडला जात नाही, आख्खी यादी जाऊन एकटा ३० उरतो. जोडण्यासाठी मध्ये 'ॲड' हवा. सीसीटीव्हीचा नवा व्हीलॅन सुरू झाला आणि त्याच क्षणी ऑफिस व लॅब दोन्ही बंद पडले, अशी हकिगत ऐकली की आधी ही ओळ पाहावी.

व्हीलॅन तयारच नसणे हा दोष दोन स्विचच्या साखळीत अधिक लपतो. सिस्कोच्या स्विचवर ॲक्सेस पोर्टला अस्तित्वात नसलेला व्हीलॅन दिला तर स्विच तो स्वतः तयार करतो आणि तसे कळवतो. त्यामुळे ज्या स्विचला मशीन जोडली आहेत तिथे व्हीलॅन असतो. राउटरला जोडलेल्या मधल्या स्विचवर मात्र त्या व्हीलॅनचे एकही मशीन नसते, म्हणून तो तिथे आपोआप तयार होत नाही, आणि जो व्हीलॅन स्विचला ठाऊक नाही त्याच्या फ्रेम तो पुढे सोडत नाही. दोन्ही टोके बरोबर, मधले कोरे.

आता राउटर. त्याचा मूळ पोर्ट मुळातच बंद असतो आणि सबइंटरफेस कितीही नीट लिहिले तरी मूळ पोर्टवर 'नो शटडाऊन' दिल्याशिवाय काही चालत नाही. हे बहुतेकांना माहीत असते. कमी माहीत असते ते हे की सबइंटरफेसच्या नावातला आकडा, जसे शून्य-शून्य-डॉट-दहा, याला काही अर्थ नसतो. तो माणसाच्या सोयीसाठी असतो. फ्रेम कोणाची हे 'एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू' नंतरच्या आकड्यावरून ठरते. नावात २० आणि एन्कॅप्सुलेशनमध्ये २ असेल तर यादीत सगळे छान दिसेल आणि लॅब मुकी राहील. यातली खरी मेख अशी की 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'मध्ये सबइंटरफेस 'अप' दिसतो तो केवळ मूळ केबलची लिंक आहे म्हणून. पलीकडच्या स्विचवर तो व्हीलॅन आहे का, ट्रंकवर सोडला आहे का, याचा राउटरला पत्ता नसतो. राउटिंग टेबलात १९२.१६८.२०.० ची ओळ 'कनेक्टेड' म्हणून दिसणे हाही त्याच लिंकचा पुरावा आहे, रस्ता चालू असल्याचा नाही.

नेटिव्ह व्हीलॅनचे प्रकरण वेगळे आहे. ट्रंकवर ज्या एका व्हीलॅनच्या फ्रेम विनाटॅग जातात तो नेटिव्ह, मुळात व्हीलॅन १. सुरक्षेसाठी तो बदलून ९९ सारखा बिनवापराचा करावा असा सल्ला दिला जातो आणि तो योग्य आहे, कारण दुहेरी टॅग लावून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसण्याची युक्ती नेटिव्हच्याच आधाराने चालते. पण बदल एका टोकाला केला आणि दुसऱ्याला विसरला की एका बाजूचा व्हीलॅन दुसऱ्या बाजूच्या वेगळ्याच व्हीलॅनमध्ये मिसळतो. दोन्हीकडे सिस्कोचे स्विच असतील तर सीडीपी, म्हणजे शेजारचे उपकरण ओळखायची सिस्कोची सोय, 'नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच' असे ओरडून सांगते आणि स्पॅनिंग ट्री ते व्हीलॅन अडवूनही ठेवते. राउटरवर ९९ चा सबइंटरफेस केला आणि 'नेटिव्ह' हा शब्द लिहिला नाही, तर राउटर टॅगची वाट पाहत राहतो आणि स्विच विनाटॅग पाठवत राहतो. बाकीचे व्हीलॅन सुरळीत असतात. म्हणून स्विचच्या व्यवस्थापनाचा पत्ता ९९ मध्ये ठेवला असेल तर दोष फक्त त्या पत्त्यापुरता दिसतो आणि तो स्विचचाच वाटतो.

लेयर-थ्री स्विचवर चित्र बदलते. तिथे गेटवे म्हणजे व्हीलॅन इंटरफेस, ज्याला एसव्हीआय म्हणतात. तो वर यायला तीन गोष्टी लागतात : व्हीलॅन अस्तित्वात असणे, इंटरफेस शटडाऊन नसणे आणि त्या व्हीलॅनचा किमान एक पोर्ट चालू असून स्पॅनिंग ट्रीत मोकळा असणे. म्हणजे राउटरच्या सबइंटरफेसपेक्षा याचे 'अप' असणे बरेच जास्त सांगते. याचा उलटा त्रासही आहे. लॅबमधली सगळी मशीन संध्याकाळी बंद झाली आणि तो व्हीलॅन दुसऱ्या कुठल्या ट्रंकवरही नसेल, तर इंटरफेस खाली जातो, राउटिंग टेबलातून ती ओळ नाहीशी होते आणि रात्री देखरेखीचे सॉफ्टवेअर गेटवे बंद पडल्याचा इशारा देते. हा बिघाड नाही. खरा बिघाड 'आयपी राउटिंग' ही एक ओळ नसणे हा असतो. ३५६० किंवा ३७५० वर ती मुळात बंद असते. प्रत्येक व्हीलॅनमधले मशीन आपापल्या गेटवेला पिंग करते, स्विच स्वतः दोन्हीकडे पिंग करतो, आणि एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात काहीच जात नाही. लक्षण इतके स्वच्छ आहे की ते पाहिल्यावर दुसरे काही तपासायची गरज उरत नाही. २९६० हा मुळात लेयर-टू स्विच, त्याच्यावरचा व्हीलॅन इंटरफेस व्यवस्थापनासाठी असतो. नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला मर्यादित स्टॅटिक राउटिंग येते, पण त्यासाठी एसडीएम टेम्प्लेट बदलून स्विच रीस्टार्ट करावा लागतो.

या सगळ्यात मशीनकडे लक्ष सगळ्यात उशिरा जाते. गेटवे चुकीचा किंवा रिकामा असणे ही साधी बाब झाली. लॅपटॉपवर केबल आणि वाय-फाय दोन्ही चालू असले की दोन गेटवे तयार होतात आणि उत्तर भलत्याच वाटेने निघते. विंडोजच्या फायरवॉलचा एक स्वभाव मात्र प्रत्येकाने जाणून घ्यावा : पिंगला उत्तर द्यायचा तिचा नियम चालू असला तरी तो बऱ्याचदा स्थानिक सबनेटपुरताच असतो. शेजारच्या मशीनला उत्तर मिळते, दुसऱ्या व्हीलॅनमधल्याला मिळत नाही. निरोगी राउटरवर तासन् तास खर्च होतात त्यामागे हा नियम किती वेळा असतो! म्हणून शेवटच्या मशीनला पिंग होत नाही एवढ्यावरून नेटवर्कला दोष देऊ नये. त्याच्यावर चालणाऱ्या सेवेचा पोर्ट उघडतो का ते पाहावे.

मास्कची चूक याहून खोल जाते. समजा लॅबच्या सर्व्हरवर मास्क चुकून २५५.२५५.०.० दिला आहे. ऑफिसचे पॅकेट त्याच्यापर्यंत बिनचूक पोचते. उत्तर देताना सर्व्हरला वाटते की १९२.१६८.१०.२५ हा तर माझ्याच सबनेटमधला, म्हणून तो गेटवेकडे न जाता एआरपीने ऑफिसच्या मशीनचाच मॅक विचारतो. ती हाक लॅबच्या व्हीलॅनबाहेर जात नाही. उत्तर यायला नको. पण सिस्कोच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू असते. १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये नोंदलेली ही जुनी सोय आहे. राउटर स्वतःचा मॅक देऊन मोकळा होतो आणि सगळे चालते. वर्षानुवर्षे चालते. एक दिवस राउटरच्या जागी फायरवॉल येते, तिच्यावर प्रॉक्सी एआरपी नसते, आणि नेमके काही सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमधून दिसेनासे होतात. दोष अर्थातच नव्या फायरवॉलच्या माथी मारला जातो. अशा वेळी बदललेल्या उपकरणाइतकेच न बदललेल्या मशीनचे मास्क तपासायला हवेत.

आयपीच न मिळणे ही तक्रारही याच घराण्यातली. डीएचसीपीची पहिली हाक ब्रॉडकास्ट असते आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर गेटवेच्या इंटरफेसवर 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' हवा. मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हाकेला उत्तर आलेले नाही एवढे नक्की. पत्ता मिळाला पण भलत्याच व्हीलॅनचा मिळाला, तर पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे. आणि केबल लावल्यावर लगेच मिळत नाही, अर्ध्या मिनिटाने मिळतो, असे असेल तर स्पॅनिंग ट्री पोर्ट उघडण्याआधी १५ आणि १५ असे ३० सेकंद थांबते आहे. मशीनकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट लावले की ते थांबणे संपते.

तपासायच्या रीतींबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. काही जण खालून वर जातात, केबलपासून सुरुवात करून. काही वरून खाली येतात. काही चालणाऱ्या पोर्टचे कॉन्फिग आणि न चालणाऱ्याचे शेजारी ठेवून फरक शोधतात, आणि मोठ्या जाळ्यात ही रीत फार जलद फळते. "कालपासून काय बदलले?" हा प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो, पण त्याचे उत्तर "काहीच नाही" असे आले तर त्यावर विसंबू नये. व्हीलॅनच्या बाबतीत मला पॅकेटच्या वाटेने जाणे सर्वात उपयोगी वाटते, त्यातही मधून तोडून. ऑफिसच्या मशीनवरून आधी आपला गेटवे, मग दुसऱ्या व्हीलॅनचा गेटवे, मग सर्व्हर असे पिंग करावे. आपला गेटवेच उत्तर देत नसेल तर दोष अलीकडच्या ॲक्सेस पोर्ट, ट्रंक किंवा सबइंटरफेसमध्ये. दुसरा गेटवे उत्तर देत नसेल तर मशीनवरचा गेटवे, 'आयपी राउटिंग' किंवा मधली ॲक्सेस लिस्ट पाहायची. दोन्ही गेटवे उत्तर देतात आणि सर्व्हर देत नाही, तर पलीकडचा व्हीलॅन किंवा सर्व्हर स्वतः. इथे एक सावधगिरी हवी : दुसऱ्या गेटवेचे उत्तर राउटर जागच्या जागी देतो, ते पॅकेट व्हीलॅन २० मध्ये उतरतच नाही. त्या उत्तरावरून पलीकडची बाजू ठीक आहे असे मानणारे अनेक जण नंतर भलतीकडे शोधत बसतात.

पिंगपेक्षाही एआरपी टेबल जास्त प्रामाणिक असते. पिंग कोणी अडवू शकतो, पण त्याच सबनेटमधल्या मशीनला एआरपीला उत्तर द्यावेच लागते, नाहीतर त्याच्याशी कोणीच बोलू शकणार नाही. ऑफिसच्या मशीनवर 'एआरपी' टेबलात गेटवेचा मॅक आला असेल तर अलीकडचा दुसरा स्तर जाता-येता दोन्ही बाजूंनी सिद्ध झाला, पिंगने काहीही सांगो. राउटरवर सर्व्हरच्या नोंदीसमोर 'इन्कम्प्लीट' असेल तर राउटरने हाक मारली आहे आणि उत्तर आलेले नाही, म्हणजे राउटिंग झाले, दोष त्यानंतरचा. सिस्कोवरून केलेल्या पिंगमध्ये पहिला ठिपका आणि पुढे चार उद्गारचिन्हे येतात, तेव्हा तो ठिपका एआरपीत गेलेला वेळ असतो, बिघाड नाही. जुन्या नोंदींचे भान मात्र ठेवावे : सिस्कोवर एआरपीची नोंद ४ तास टिकते आणि मॅक टेबलातली ३०० सेकंद. सर्व्हरचे कार्ड बदलले की राउटर काही काळ जुन्याच मॅकवर पाठवत राहू शकतो.

पिंगची दुसरी मर्यादा त्याच्या जन्मापासूनची आहे. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये ते लिहिले तेव्हापासून ते जाणे आणि येणे एकत्रच मोजते. अपयश आले तर कोणत्या बाजूला, हे ते सांगत नाही. पत्र पोचलेच नाही काय किंवा पोचूनही उत्तर देणाऱ्याकडे आपला पत्ता नसला काय, आपल्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. राउटरवरून सर्व्हरला पिंग झाले म्हणून ऑफिसातून होईलच असेही नाही, कारण राउटर स्वतःहून पिंग करताना सर्व्हरच्याच बाजूचा, म्हणजे २०.१ हा पत्ता वापरतो आणि सर्व्हरला ते उत्तर गेटवेशिवाय देता येते. 'सोर्स' म्हणून १०.१ देऊन पुन्हा पिंग करा. आता फसले तर सर्व्हरवरचा गेटवे किंवा मास्क चुकीचा आहे, नाहीतर त्याची फायरवॉल अडवते आहे, हे रॅकजवळून न हलता कळते. या एका चाचणीला मी फार मान देतो.

परतीची वाट सर्वाधिक तुटते ती जाळ्याच्या कडेला. लेयर-थ्री स्विचवर नवा व्हीलॅन केला, तो इतर सगळ्या व्हीलॅनशी बोलतो, फक्त इंटरनेट नाही. स्विचवरचा डिफॉल्ट मार्ग तर फायरवॉलकडे बरोबर जातो आहे. मग फायरवॉलला विचारा की १९२.१६८.३०.० कुठे आहे. तिला कोणी सांगितलेलेच नसते, ती उत्तर आपल्या डिफॉल्ट मार्गाने बाहेरच पाठवते. शिवाय पत्ता बदलण्याच्या नियमात, म्हणजे नॅटमध्ये, हा सबनेट घालायचा राहिलेला असू शकतो. दोन्ही नोंदी लागतात. ट्रेसराउट अशा वेळी उपयोगी पडते, पण ते केवळ तिसऱ्या स्तरावरचे टप्पे दाखवते. मधले चार स्विच त्याला दिसत नाहीत.

ॲक्सेस लिस्टबद्दल थोडक्यात. व्हीलॅन इंटरफेसवर 'इन' म्हणजे त्या व्हीलॅनमधल्या मशीनकडून गेटवेत येणारे आणि 'आउट' म्हणजे गेटवेतून त्या व्हीलॅनमध्ये जाणारे. दिशा उलटी लागली की पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते आणि एकही ओळ लागू पडत नाही. शेवटी न लिहिलेला नकार असतोच.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकत्र आले की आणखी एक दोष येतो, आणि आपल्याकडे स्वस्तातले छोटे स्विच सर्रास जोडले जात असल्याने तो जास्त भेटतो. ब्राउझरमधून चालवायच्या या स्विचवर पोर्टाचे विनाटॅग सदस्यत्व आणि पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टवर आलेली विनाटॅग फ्रेम कोणत्या व्हीलॅनची धरायची तो क्रमांक, या दोन निरनिराळ्या जागी भरायच्या गोष्टी असतात. पोर्ट व्हीलॅन २० चा विनाटॅग सदस्य केला पण पीव्हीआयडी १ च राहिला, तर २० मधल्या फ्रेम मशीनकडे जातात आणि मशीनने पाठवलेल्या १ मध्ये पडतात. एकतर्फी जोडणी. मशीनवर वायरशार्क लावले तर ब्रॉडकास्ट येताना दिसतात, म्हणून पोर्ट ठीक वाटतो. एचपीच्या अनेक स्विचवर तर 'ट्रंक' म्हणजे अनेक केबल एकत्र बांधणे, टॅग नेणे नव्हे. तिथे पोर्ट प्रत्येक व्हीलॅनमध्ये 'टॅग्ड' म्हणून नोंदवायचा असतो. वायरशार्कवरून आठवले : विंडोजमधले बरेच नेटवर्क कार्ड टॅग काढूनच फ्रेम वर देतात, त्यामुळे टॅग दिसला नाही म्हणून तो नव्हताच असे ठरवता येत नाही.

सगळे चालते पण संथ चालते, हा प्रश्न राउटर ऑन अ स्टिकमध्ये रचनेतूनच येतो. ऑफिसातून लॅबकडे जाणारा प्रत्येक बाइट त्याच एका केबलवरून वर जातो आणि खाली येतो. १०० मेगाबिटचा पोर्ट असेल तर सगळ्या व्हीलॅनमधली वाहतूक त्यातच मावायला हवी, आणि एका टोकाला डुप्लेक्स चुकला असेल तर पिंग सुरळीत असूनही फाइल कॉपी रखडते. डुप्लेक्स दोन्हीकडे जुळत असेल तर दुरुस्ती कॉन्फिगमध्ये शोधू नये, लेयर-थ्री स्विच घ्यावा.

दुरुस्ती झाल्यावर एक तपासणी उरते. सिस्कोच्या स्विचवर व्हीटीपी, म्हणजे व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये वाटणारी सोय, मुळातल्या सर्व्हर अवस्थेत असेल तर व्हीलॅनची यादी स्टार्टअप कॉन्फिगमध्ये लिहिलीच जात नाही. ती फ्लॅशमध्ये व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलीत असते. स्विच जळाला, जपून ठेवलेले कॉन्फिग नव्या स्विचवर चढवले, पोर्ट, ट्रंक, पत्ते सगळे जुळले, तरी ज्या व्हीलॅनचे मशीन त्या स्विचला लागलेले नाही ते त्याच्यावर नसतात. त्यापलीकडचे मजले बंद राहतात. शिवाय कुठल्या तरी प्रयोगातून आलेला जुना स्विच त्याच व्हीटीपी डोमेनचे नाव आणि मोठा रिव्हिजन क्रमांक घेऊन ट्रंकला लागला, तर तो आपली यादी साऱ्या जाळ्यावर लादू शकतो आणि एका झटक्यात सगळे व्हीलॅन पुसले जातात. व्हीटीपी ट्रान्स्परंट अवस्थेत ठेवले की व्हीलॅन कॉन्फिगमध्येच दिसू लागतात, बॅकअपमध्येही येतात. ते न करणाऱ्यांनी निदान 'शो व्हीलॅन ब्रीफ'चे उत्तर प्रत्येक स्विचच्या बॅकअपसोबत जपून ठेवावे आणि नवा स्विच रॅकमध्ये चढवण्याआधी त्याच्याशी ताडून पाहावे.